दिवाणजींचे जंत

"जनावर?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"सरडा."

त्याने मान वर केली नाही. केसपेपरवर गाय, म्हैस, शेळी, कुत्रा आणि कोंबडी एवढ्याच चौकटी छापलेल्या होत्या. पेन थोडा वेळ त्यांच्यावरून फिरलं आणि कोंबडीवर येऊन थांबलं.

"अंडी घालतो ना?"

"हा नर आहे."

"मग कोंबडा," असं म्हणून त्याने खूण केली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

जनावरांच्या दवाखान्यात त्या दिवशी माझ्या पुढे दोन म्हशी आणि एक लंगडणारा बोकड होता. मी बाकावर बसलो. मांडीवर बुटांचं खोकं, खोक्याला भोकं, आणि आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेले आमचे दिवाणजी. म्हशींच्या मालकाने भोकातून आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि आपुलकीने विचारलं, "खायला?"

"तो खात नाही म्हणूनच आणलाय."

"तसं नव्हं. तुमाला खायला का?"

मी नाही म्हणालो. दूध नाही, अंडं नाही, मटण नाही, चोर आला तर भुंकत नाही, मग हे जनावर करतं तरी काय, असं त्यांनी पुढे विचारलं. माझी बायको वृंदा दोन वर्षं हाच प्रश्न विचारत असल्यामुळे माझं उत्तर तयार होतं.

"बसतो," मी म्हणालो.

खरं म्हणजे बसण्यावरूनच त्याला नाव पडलं होतं. जात ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली, दाढीवाला सरडा. हातभर लांब, रंग वाळलेल्या तंबाखूचा, गळ्याखाली मऊ काट्यांची झालर. माझ्या मुलीने, शाल्मलीने, तो पुण्याहून आणला आणि वन खात्याकडे त्याची रीतसर नोंद केली. आमच्या घरात कागदपत्रं पूर्ण असलेला तो एकटाच. काचेच्या पेटीत, दिव्याखालच्या सपाट दगडावर, मान ताठ आणि डोळे अर्धे मिटून तो ज्या ऐटीत बसला होता, ते बघून माझे वडील म्हणाले, "संस्थानातला दिवाणजी जणू." अप्पांनी कुठल्या संस्थानचे दिवाणजी पाहिले होते कोण जाणे. पण त्या दिवसापासून घरात त्याचा एकेरी उल्लेख बंद झाला, आणि आता मीही तो बंद करतो.

ही पाच वर्षांपूर्वीची, साताऱ्यातल्या थंडीतली गोष्ट. शाल्मली आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती आणि ऑक्टोबरात तीन महिन्यांच्या कामासाठी हैदराबादला गेली. जाताना फ्रिजवर नऊ कलमी यादी चिकटवून गेली. कलम एक, रोज मेथी नाहीतर राजगिऱ्याची पानं. कलम दोन, पेटीतला दिवा सकाळी आठला लावणे, संध्याकाळी बंद करणे. कलम तीन, एक दिवसाआड वीस अळ्या. या अळ्या ती कोंड्याच्या डब्यात वाढवायची. तो डबा रव्याच्या डब्याशेजारी ठेवला जाणार नाही, हे कलम चार वृंदाने स्वतःच्या अक्षरात घातलेलं होतं. कलम नऊ एवढंच होतं: 'बाबा, तुझ्या जिवावर सोडून जातेय.'

संक्रांतीला ती परत येणार होती. डिसेंबर उजाडला आणि दिवाणजींनी अन्न सोडलं.

डॉक्टर घोरपडे तिशीतल्या बाई होत्या. आडनाव ऐकून मला उगाच धीर आला होता. तो त्यांनी लगेच काढून घेतला.

"सरडा मी आजवर एकच तपासलाय," त्या म्हणाल्या. "तोही मेलेला, परीक्षेत."

पण तपासलं मात्र मन लावून. तोंड उघडून बघितलं, पोट चाचपलं, डोळ्यांवर बॅटरी मारली. दिवाणजींनी हे सगळं, कनिष्ठ कारकुनाने फाईल पुढे केल्यावर करावं तसं, अर्ध्या डोळ्यांनी सहन केलं. वजन भरलं तीनशे बावन्न ग्रॅम. ऑक्टोबरात ते चारशे दहा होतं, कलम सात. पोटात जंत असू शकतात, किड्यांवर जगणाऱ्या जनावराला ते होतातच, असं बाईंचं म्हणणं पडलं. मी औषध लिहून द्या म्हणालो.

"असं डोळे झाकून नाही द्यायचं. एवढं अशक्त जनावर जंताच्या आधी औषधानंच जाईल. मला ताजी शी आणून द्या, तासाभरातली."

नऊ दिवसांत ती झालेली नाही, असं मी सांगितलं. आत काही जात नसेल तर बाहेर काय येणार, हे त्यांनाही पटलं. मग त्यांनी रोज पाव तास कोमट पाण्याची आंघोळ घालायला सांगितली. त्याने शी होते, म्हणाल्या. पुण्याच्या त्यांच्या सरांना त्या फोन करून बघणार होत्या.

घरी पोचलो तर मी चप्पल काढायच्या आत अप्पांनी खुर्चीतून निदान केलं.

"जंत."

"डॉक्टर म्हणाल्या, असू शकतात."

"असू शकतात न्हाई. जंत. आज तीन आठवडं मी त्येच सांगतोय."

ते खरंच तीन आठवडे तेच सांगत होते. पण अप्पा गेली पन्नास वर्षं सगळ्यांच्या बाबतीत तेच सांगत असल्यामुळे कुणी मनावर घेतलं नव्हतं. माझ्या लहानपणी ताप, खोकला, गणितात कमी मार्क, या सगळ्यांच्या मुळाशी जंत असायचे आणि दर महिन्याला एका रविवारी एरंडेल असायचं. माझी बहीण ज्योती लग्न करून सांगलीला गेली तेव्हा रडली, पण एरंडेलातून सुटल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर मी स्वतः पाहिलंय.

ज्योती आणि प्रकाश ही आमची नावं अप्पांनी ठेवली. ते वीज मंडळात लाईनमन होते. जावळीच्या खोऱ्यात जिथे बैलगाडी जात नव्हती, तिथे त्यांनी खांद्यावरून तारा नेल्या. एका वस्तीत पहिला दिवा लागला तेव्हा लोक रात्रभर झोपले नाहीत, नुसते बसून त्याच्याकडे बघत होते, ही गोष्ट आम्ही वर्षातून चारदा ऐकायचो. ती ऐकून झाली की पुढे तात्पर्य असे: दिवसा दिवा जाळणं म्हणजे शेवटच्या खांबावरच्या माणसाच्या ताटातली भाकरी उचलणं. अप्पा निवृत्त होऊन वीस वर्षं झाली होती, पण घरातून त्यांची गस्त चालू होती. वृंदा ढगाळ सकाळी कांदा चिरत असली की तिच्या डोक्यावरचा दिवा जाई, आणि ती न बघता "अप्पा" म्हणे, आणि दिवा परत येई. फक्त तिन्हीसांजेला सगळं उलटं व्हायचं. त्या वेळी घरातला एकही कोपरा अंधारात राहता कामा नये, हा माझ्या आईचा नियम. आई गेल्यावर तो अप्पांनी चालवला. सहाच्या सुमाराला ते देवघरापासून मोरीपर्यंत फिरून एकेक बटण दाबत यायचे. मी कॉलेजातून साडेसहाला यायचो तेव्हा घर लग्नघरासारखं दिसायचं.

अप्पा आणि दिवाणजी यांचं जमलं ते शाल्मली गेल्यावर. तोवर पेटी तिच्या खोलीत होती आणि नातीच्या खोलीत अप्पा पाऊल टाकत नसत. ती गेल्यावर मात्र बंद खोलीत दिवाणजी एकटे पडतील, असं म्हणून त्यांनी पेटी बैठकीत, आपल्या आरामखुर्चीसमोर आणवून घेतली. वृंदा शाळेत, मी कॉलेजात. दिवसभर हे दोघंच समोरासमोर. दोघंही फारसं बोलत नसत, दोघांनाही पेन्शनरासारखी डुलकी लागे. त्यामुळे दिवाणजींचं जेवण सुटल्याचं सगळ्यात जास्त अप्पांना लागलं होतं. वावडिंगाचं पाणी त्यांनी पहिल्याच आठवड्यात उकळून ठेवलं होतं. मी ते फेकलं. त्यांनी परत उकळलं. एरंडेलाची बाटली तर त्यांच्या उशाशीच होती.

"दोन थेंब," ते म्हणाले. "जिभंवर. त्येंना कळायचं बी न्हाई."

"अप्पा, डॉक्टर म्हणाल्या, औषधानं जीव जाईल."

"तुझा गेला का?"

मी बाटली कॉलेजच्या बॅगेत घालून घेऊन गेलो.

आंघोळीचं काम अप्पांनी स्वतःकडे घेतलं. शाल्मलीचं लहानपणीचं प्लॅस्टिकचं घंगाळ माळ्यावरून उतरवलं. कोपर बुडवून पाणी बघितलं. बाळंतिणीकडे येणाऱ्या बाईच्या सफाईने दिवाणजींना डाव्या हातावर पालथं घेतलं आणि उजव्या हाताने पाठीवर पाणी सोडू लागले. वृंदा दारात उभी राहून, आपल्या सासऱ्यांनी स्वतःच्या मुलांना कधी आंघोळ घातली होती का, हे मला डोळ्यांनी विचारत होती. दिवाणजी मात्र पाण्यात सैलावले. डोळे पूर्ण उघडले. अंगावर रंग चढला. त्यांनी चक्क दोनदा मान हलवली. "बघ," अप्पा म्हणाले, "गरम पाण्यानं जंत हालाय लागलं."

तास-दीड तास ते तरतरीत राहिले आणि पुन्हा मलूल झाले. असं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी घंगाळात अपेक्षित वस्तू दिसली. मी ती औषधाच्या रिकाम्या डबीत भरली आणि पहिलं लेक्चर सोडून दवाखान्यात पोचवली. माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत लेक्चर सोडण्याचं हे सगळ्यात खरं कारण होतं. रजेच्या अर्जात मी 'घरगुती' असं लिहिलं.

शाल्मलीला यातलं काही कळवलं नव्हतं. तिचा आठवड्याला फोन यायचा आणि ती दिवाणजींचा फोटो मागायची. मी जुने फोटो पाठवायचो. तिसऱ्या फोटोनंतर तिचा आवाज बदलला.

"बाबा, भिंतीवरचं कॅलेंडर अजून नोव्हेंबरवरच आहे."

"उलटायचं राहिलंय."

"आई कॅलेंडर उलटायची राहील?" मग तिने सरळच विचारलं, "मरतोय का तो?"

मी सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. येऊ का म्हणाली. ये म्हणायला मला लाज वाटली, नको म्हणायची भीती वाटली. डॉक्टरांचा रिपोर्ट येऊ दे, एवढंच बोललो. फोन ठेवल्यावर मी उगाचच फ्रिजवरचं कलम नऊ वाचलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर घोरपड्यांनी बोलावलं.

"जंत आहेत," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या-माझ्याइतकेच. एवढ्यानं कुणी जेवण सोडत नाही." वजन आता तीनशे अडतीस होतं. त्या आकड्याकडे बघत त्या म्हणाल्या, "मूळचा कुठला हा?"

"मध्य ऑस्ट्रेलिया. उष्ण वाळवंटी प्रदेश, दुपारचं तापमान चाळीसच्या वर, दिवसरात्रीच्या तापमानात मोठी तफावत." हे माझ्या तोंडून वर्गातल्या चालीत बाहेर पडलं.

"तुम्ही शिकवता काय?"

"भूगोल."

त्यांनी कोंबड्याच्या केसपेपरवर काहीतरी लिहिलं. "माझे सर म्हणाले, यांना पोटातलं पचवायलाच ऊब लागते. ऊब नसेल तर भूकच लागत नाही. पेटीत दुपारी किती असतं?"

"तीस असतं. मी रोज बघतो."

"किती वाजता?"

"साडेसहाला. आल्या आल्या. मग दिवा बंद करतो."

"मी दुपारचं विचारलं."

दिवा सकाळी आठला मी स्वतः लावतो आणि संध्याकाळी तो चालूच असतो, त्या अर्थी मधेही चालूच असणार, असं मी म्हणालो. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. म्हशीकडे बघावं तसं नाही, म्हशीच्या मालकाकडे बघावं तसं. "एकदा दुपारी जाऊन बघा," त्या म्हणाल्या.

मी तसाच घरी गेलो. साडेबारा वाजले होते. किल्लीने दार उघडलं. बैठकीत ऊन नव्हतं, आमच्या बैठकीत ते मे महिन्यातसुद्धा येत नाही. अप्पा स्वेटर, कानटोपी आणि शाल अशा पूर्ण पोशाखात खुर्चीत होते. फक्त नेहमीचा मफलर गळ्यात नव्हता. तो काचेच्या पेटीला गुंडाळलेला होता. दोन वेढे आणि समोर गाठ.

पेटीतला दिवा बंद होता.

अप्पांना माझी चाहूल लागली नाही. त्यांच्या चिमटीत एक अळी होती. ती दिवाणजींच्या तोंडासमोर धरून ते हळू आवाजात बोलत होते.

"एक घास घ्या. येवढा एक. पोरगी यायची हाय. तिला काय सांगू मी?"

मी वाकून पेटीतल्या तापमानाच्या काट्याकडे बघितलं. एकोणीस.

आणि मग मला सगळं एका झटक्यात दिसलं. सकाळी आठला मी दिवा लावून जायचो. नऊला उजाडल्यासारखं उजाडलं की अप्पांची गस्त निघायची, आणि भर दिवसा जळणारा शंभर वॅटचा दिवा त्यांच्या वाटेत यायचा. हात आपोआप जायचा. सहाला तिन्हीसांज, घरातले सगळे दिवे, त्यात हाही. साडेसहाला मी यायचो, तीस अंश बघायचो, समाधानाने दिवा बंद करायचो. दिवाणजींच्या वाट्याला चोवीस तासांत दीड तासाचं ऑस्ट्रेलिया येत होतं. उरलेला वेळ सातारा.

"अप्पा," मी म्हणालो.

"आलास व्हय." त्यांनी मान वळवली. "लई गार पडल्यात रं. म्हणून मफलर बांधला."

मी चहा घेता का, असं विचारलं. जाता जाता पेटीचं बटण दाबलं. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवरून थोडा उचलला गेला आणि परत खाली बसला. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता असं मला वाटलं.

संध्याकाळी स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्यांच्या आडोशाने, मी वृंदाला सांगितलं. तिने गॅस बारीक केला.

"अप्पांना सांगणार?"

"सांगायला नको?"

"अहो, त्यांना कळलं ना, की आपल्या हातानं हे झालं, तर तेही जेवण सोडतील. मग त्या बाईंकडे दोघांना घेऊन जावं लागेल."

डॉक्टर घोरपड्यांना फोन केला. त्यांनी अडचण ऐकून घेतली आणि आजोबांनाच घेऊन या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी अप्पा खोकं मांडीवर घेऊन रिक्षात बसले, दवाखान्यात ज्यांना खोक्यात डोकावायचं होतं त्यांना डोकावू दिलं, आणि खिडकीतल्या माणसाला 'कोंबडा' या शब्दाबद्दल चार शब्द सुनावले. आत गेल्यावर त्यांनी थेट विचारलं, "जंतावर काय देताय?"

"देते ना," बाई म्हणाल्या. त्यांनी केसपेपर पुढे ओढून मोठ्या अक्षरात लिहिलं: दिवा, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, खंड न पाडता. खाली सही केली, शिक्का मारला. "पण हे औषध कुणीतरी जबाबदार माणसानं समोर बसून द्यायला पाहिजे. घरी दिवसभर कोण असतं?"

अप्पांनी कागद लांब धरून वाचला. दोनदा वाचला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"किती वॅट?"

"शंभर."

"ऊन पडल्यालं असलं तरी?"

"असलं तरी. औषध आहे ते."

अप्पा दिवाणजींकडे बघत राहिले. मग कागदाची चार घड्यांची घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. "औषध म्हणल्यावर काय," ते म्हणाले. "द्यायलाच पायजे." रिक्षात ते एकदाच बोलले. बाई हुशार आहे, असं म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्या बैठकीत, वीज आल्यापासून पहिल्यांदा, भर दुपारी दिवा जळू लागला. अप्पांनी जुन्या डायरीत वेळा लिहायला सुरुवात केली. आठ चालू, सहा बंद, दर तासाला काटा. पहिल्या दिवशी अडतीस. तिसऱ्या दिवशी दिवाणजींनी दगडावर चढून बैठक मारली. पाचव्या दिवशी मी कॉलेजात असताना अप्पांचा फोन आला. अप्पा मला कॉलेजात फोन करत नाहीत. आई गेली तेव्हाच काय तो केला होता. मी वर्गातून बाहेर धावत आलो.

"घास घ्येतला," अप्पा म्हणाले. "माझ्या हातनं. तीन." आणि फोन ठेवला.

मी वर्गात परत जाऊन मोसमी वारे शिकवले. त्या वर्षी ते फार चांगले शिकवले गेले.

मग एका मंगळवारी भर दुपारी लाईट गेली. मला हे नंतर वृंदाने सांगितलं, तिला शेजारणीने सांगितलं. अप्पांनी दहा मिनिटं वाट बघितली आणि वीज कचेरीत फोन लावला.

"मी घाडगे अप्पा. घरात पेशंट हाय, दिव्यावर ठेवल्याला."

पलीकडच्याने गडबडून वय विचारलं. चार, अप्पा म्हणाले. पंधरा मिनिटांत सायकलवरून एक लाईनमन आला. त्याच्या वडिलांना अप्पांनी खांबावर चढायला शिकवलं होतं. तोवर अप्पा पेशंटला छातीशी धरून, वर मफलर घेऊन, समोरच्या घराच्या पायरीवर उन्हात बसले होते. त्याने पेशंट बघितला. मग तो खांबावर चढला.

भोगीच्या दिवशी शाल्मली आली. बॅग दारातच टाकून तिने दिवाणजींना उचललं, पोटावरून बोट फिरवलं, वजनकाट्यावर ठेवलं. तीनशे ऐंशी. ती खाली फरशीवरच बसली आणि थोडा वेळ तिने तोंड टॉवेलात घातलं. चार वाजले होते. वृंदाने चहा आणला. आमचं काय सांगायचं ते ठरलेलं होतं.

"जंत झाले होते," मी म्हणालो. "औषध लागू पडलं."

"कुठलं औषध?"

मी औषधाचं नाव आठवल्यासारखं केलं. मला अभिनय येत नाही. भूगोलात तो लागत नाही.

"बाबा, नाव तरी सांग. परत उलटतात ते. पूर्ण गेले का जंत?"

अप्पांनी कपातला चहा बशीत ओतला. फुंकर मारली.

"गेल्यात कुठं," ते म्हणाले. "हितंच बसलाय एक. चा पितोय."

वृंदाच्या हातातला ट्रे तिथेच थांबला. शाल्मली आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत होती. अप्पांनी घोट घेतला आणि तिला सगळं सांगितलं. सकाळी नऊ, तिन्हीसांज, मफलर, काही न वगळता. कुणाच्या तरी तारेवर आकडा कुणी टाकला, हे सायबाला सांगावं इतक्या सरळ आवाजात.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"तू दुपारचा येऊन बटण दाबलंस तवाच. चाळीस वर्सं बटणंच दाबली रं. कुठलं कुणी दाबलं, त्ये मला कळंना व्हय?"

"मग डॉक्टरांकडे बोलला का नाहीत?"

अप्पांनी बशी खाली ठेवली. "तुमी एवढं समदं जुळवून आणलंवतं. ती बाई बी बिचारी शिक्का मारून बसली. मोडायचं कशापायी?"

शाल्मली उठली. तिने दिवाणजींना अप्पांच्या खांद्यावर, शालीच्या घडीत ठेवलं. दिवाणजींनी मान ताठ केली, डोळे अर्धे मिटले आणि बैठकीवरून नजर फिरवली. मला अप्पांकडे नीट बघवेना. काहीतरी करायचं म्हणून मी भिंतीवरची ट्यूबलाईट लावली.

"चार वाजल्यात," अप्पा म्हणाले.

मी ट्यूबलाईट बंद केली. पेटीतला दिवा तेवढा चालू राहिला. अप्पांनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि पेपर उघडून त्या उजेडात धरला.